मंडळाचा यंदाचा निधी दिवाळखोरीच्या मोफत वकिलीला द्यावा का?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाचा धर्मादाय निधी कुठे द्यायचा यावर दरवर्षी दिवाळीनंतर चर्चा होते. आजवर तो भारतातल्या शाळांना, वसतिगृहांना, कधी पूरग्रस्तांना गेला. यंदा मी वेगळा ठराव मांडलाय. इथल्याच, न्यू जर्सीतल्या, कर्जात बुडालेल्या गरिबांना दिवाळखोरीच्या अर्जासाठी मोफत वकील देणाऱ्या संस्थेला निधी द्यावा. बैठकीत एवढा गदारोळ झाला की विषय पुढच्या महिन्यावर ढकलला गेला.

इथला कायदा थोडक्यात सांगतो. चॅप्टर सेव्हनचा, म्हणजे दिवाळखोरी कायद्यातल्या थेट कर्जमाफीच्या प्रकाराचा, अर्ज कोर्टात दाखल झाला की त्याच क्षणापासून वसुलीचे फोन, दावे, पगारातली कपात, सगळं बहुतेक करून थांबतं. अशा बहुतेक प्रकरणांत देणी फेडायला विकण्यासारखी मालमत्ता नसतेच. साधारण चार महिन्यांत क्रेडिट कार्डं, इस्पितळाची बिलं, वैयक्तिक कर्जं माफ होतात आणि माणूस मोकळा होतो.

पण अर्जाचं शुल्क ३३८ डॉलर. वकील हजार-दीड हजार घेतो, कधी त्याहून जास्त, आणि तेही आगाऊ. कारण अर्जाआधी वकिलाचं जे देणं राहिलं असेल तेही बाकीच्या कर्जांबरोबर माफ होतं, मग उधारीवर कोण काम करील? म्हणजे ज्याच्या खिशात काही उरलेलं नाही त्यानेच आधी पैसे साठवायचे, आणि ते साठेपर्यंत पगारातली कपात चालूच. कायद्याने दिलेली सवलत फक्त पैशांअभावी मिळत नाही, हे मला सहन होत नाही. तुमची मतं सांगा. विरोधातली आधी सांगितलीत तर उत्तम, बैठकीत तीच येणार आहेत.

सदाशिवपेठी
मग विरोधातलं मत माझ्याकडून घ्या. कर्ज घेतलं तर ते फेडायचं. माझ्या वडिलांनी पतपेढीचं कर्ज निवृत्तीच्या पैशातून फेडलं, पण दारात वसुलीवाला येऊ दिला नाही. कर्ज बुडवायला मदत करणं हे पुण्य कसं, हे मला समजावून सांगा. शिवाय एकाचं माफ झालं की त्याची किंमत वेळेवर फेडणारे बाकीचे लोक जास्त व्याजाने मोजतात.

पाटलाची_सून
सदाशिवपेठी, तुमच्या वडिलांबद्दल आदरच आहे. पण त्यांना निवृत्तीचे पैसे मिळाले. इथे नोकरी गेली की आरोग्यविमा जातो, आणि त्यानंतर एकदा इस्पितळात जावं लागलं की जे बिल येतं ते कुणी हौसेने काढलेलं कर्ज नव्हे.

रानपाखरू
+१

हिशेबनीस
उधळपट्टीचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो. हा कायदा आंधळा नाही. २००५ साली तो बराच कडक केला. उत्पन्नाची चाचणी असते, अर्जाआधी मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्जसल्ला घ्यावा लागतो, नंतर पैशांच्या नियोजनाचा अभ्यासक्रम करावा लागतो. चॅप्टर सेव्हनने एकदा सुटका झाली की त्याच मार्गाने पुन्हा सुटायला आठ वर्षं थांबावं लागतं. क्रेडिट अहवालावर दहा वर्षं नोंद राहते. पोटगी माफ होत नाही, अलीकडचा बहुतेक कर माफ होत नाही, फसवून घेतलेलं कर्ज माफ होत नाही. विद्यार्थी कर्जासाठी वेगळा दावा लावावा लागतो. सरकारी विद्यार्थी कर्जाच्या बाबतीत न्याय खात्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये ती वाट थोडी सोपी केली, पण आपोआप तेही सुटत नाही.

सदाशिवपेठींचा व्याजाचा मुद्दा मात्र तत्त्वतः खरा आहे, तो मी नाकारत नाही. सवाल असा की ही सोय ज्याला वकील परवडतो त्यालाच का मिळावी? एखादी कंपनी नामांकित वकील लावून दिवाळखोरीत जाते तेव्हा ‘पुनर्रचना’ म्हणतात. साफसफाईचं काम करणारी बाई गेली की ‘बुडवी’.

जुनाट
या शुल्काचा एक इतिहास आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. रॉबर्ट क्रास नावाचा न्यूयॉर्कचा एक बेरोजगार माणूस. घरात आजारी तान्हं मूल. तेव्हा अर्जाचं शुल्क ५० डॉलर होतं. तो म्हणाला, माझ्याकडे तेवढेही नाहीत, शुल्क माफ करा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी तो हरला. बहुमताचं म्हणणं, हप्त्याने आठवड्याला दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत, सिनेमाच्या तिकिटाहून कमी. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं की गरिबांशी ज्याचा जवळून संबंध आलाय त्याला कळतं, ही माणसं किती काठावर जगतात. आठवड्याचे दोन डॉलर ही रक्कम तिथून फार वेगळी दिसते.

शुल्कमाफीची तरतूद आली थेट २००५ मध्ये, वर हिशेबनीसांनी सांगितलेल्या त्याच कडक कायद्यात. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीहून कमी असेल आणि हप्त्यानेही भरता येत नसेल, तर न्यायाधीश शुल्क माफ करू शकतात. पण ती मागायलाही अर्ज भरावा लागतो, आणि अशी माफी आहे हे माहीत असणाराच तो भरणार.

कोल्हापुरी_ठसका
एडिसनकर, माझा विरोध वेगळा आहे. कर्ज फेडावं की बुडवावं यात मी पडत नाही. पण अमेरिका श्रीमंत देश, तिथल्या गरिबांना बघायला तिथलं सरकार आहे, फाउंडेशनं आहेत. आपल्याकडच्या वसतिगृहातल्या पोरीचं वर्ष तुमच्या मंडळाच्या एका चेकवर निघतं. तो चेक तुम्ही वकिलांना देणार?

एडिसनकर
हा प्रश्न बैठकीतही आला आणि मला तोच सगळ्यात अवघड वाटतो. माझं उत्तर एवढंच की आम्ही इथे राहतो, इथे कमावतो. आमच्या मुलांच्या शाळेच्या बसचा चालक, दुकानातली गल्ल्यावरची बाई, इस्पितळातली मदतनीस, हे आमचे शेजारी आहेत. त्यांच्यासाठी मंडळाने आजवर एक डॉलरही दिलेला नाही. वसतिगृह बंद करा असं मी म्हणत नाही. निधीचा काही भाग इकडे वळवा म्हणतोय.

बे_एरियावासी
सरकार आहे म्हणावं तर आहे, पण किती? १९७४ साली निक्सनच्या काळात लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन उभं राहिलं. केंद्राचा पैसा त्यातून राज्याराज्यांतल्या विधी-साहाय्य संस्थांना जातो. तिथे सर्वसाधारणपणे दारिद्र्यरेषेच्या सव्वापटीपर्यंतचं उत्पन्न चालतं, त्याच्या जरा वर गेलात की बाहेर. आणि आत असलात तरी घरातून काढणं, कौटुंबिक हिंसाचार, मुलांचा ताबा ही प्रकरणं साहजिकच आधी घेतली जातात. दिवाळखोरी रांगेत मागे राहते.

दुसरा स्रोत कमी लोकांना माहीत असतो. अशिलांचे जे पैसे वकिलाकडे थोड्या काळासाठी असतात ते एका सामायिक खात्यात ठेवतात आणि त्यावरचं व्याज गरिबांच्या वकिलीला जातं. ही पद्धत १९८१ मध्ये फ्लोरिडात सुरू झाली आणि हळूहळू देशभर पसरली. कल्पना छान आहे, पण तिच्यात एक खोट आहे. मंदी आली की व्याजदर पाडतात, तसं हे उत्पन्न आटतं. २००८ नंतर नेमकं तेच झालं. त्याच वेळी दिवाळखोरीचे अर्ज फुगले, २०१० मध्ये वैयक्तिक अर्ज पंधरा लाखांच्या घरात गेले होते. गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच हा झरा कोरडा. म्हणून खाजगी देणगी लागते, आणि ती दरवर्षी, न चुकता येणारी लागते.

रानपाखरू
हे व्याजाचं पहिल्यांदाच ऐकलं. धन्यवाद. जाता जाता, हा धागा वाचून नवऱ्याने क्रेडिट कार्डाचं बिल न सांगता भरलं, तेव्हा एडिसनकरांचे वैयक्तिक आभार.

सुखी_माणूस
मला एक सोपी वाट दिसते. थकलेली इस्पितळाची बिलं कवडीमोलाने विकत घेऊन माफ करणारी एक संस्था आहे ना? एका डॉलरमध्ये शंभर डॉलरचं कर्ज माफ, असं काहीतरी वाचलंय. वकील कशाला मध्ये?

हिशेबनीस
आहे. २०१४ मध्ये वसुली उद्योगातच काम केलेल्या दोघांनी ती सुरू केली. आधी नाव आरआयपी मेडिकल डेट, आता अनड्यू मेडिकल डेट. कल्पना मलाही आवडली होती. पण २०२४ मध्ये अर्थतज्ज्ञांनी तिच्यावरच अभ्यास प्रसिद्ध केला, संस्थेच्याच सहकार्याने केलेला. ८३ हजारांवर लोकांचं सुमारे १६ कोटी ९० लाख डॉलरचं देणं माफ झालं आणि त्यांची तुलना माफी न मिळालेल्यांशी केली. सरासरी पाहता मानसिक आरोग्यात सुधारणा नाही, पैशांच्या ओढाताणीतही जवळजवळ फरक नाही.

मला त्याचं कारण असं दिसतं. ही बिलं जुनी, वसुलीत पडलेली, माणूस ती तशीही भरत नव्हता. एक कागद फाटला तरी कार्डाचं, गाडीचं, घरभाड्याचं देणं तसंच. दिवाळखोरीत सगळी देणी एकदम समोर येतात आणि वसुलीला कोर्टाचा मनाई हुकूम मिळतो. विल डॉबी आणि जे सॉंग यांचा २०१५ चा अभ्यास चॅप्टर थर्टीनवर होता, म्हणजे तीन ते पाच वर्षं हप्ते भरण्याचा प्रकार. काही न्यायाधीश सैल, काही कडक, आणि प्रकरण कुणाकडे जाईल हे नशिबावर. त्याचा उपयोग करून त्यांनी दाखवलं की संरक्षण मिळालेल्यांची वार्षिक कमाई साडेपाच हजार डॉलरांनी वाढली, आणि पुढच्या पाच वर्षांतलं मृत्यूचं प्रमाणही घटलं. पगार कापला जाणार नसेल तर माणूस नोकरी टिकवतो, हे पटण्यासारखं आहे.

शिकागोची_माई
मी निवृत्तीनंतर इथल्या एका मोफत केंद्रात मदतीला जाते. मी वकील नाही, आयुष्यभर हिशेब ठेवण्याचं काम केलं. माझं काम कागद लावण्याचं. लोक किराण्याच्या पिशवीत पाकिटं भरून आणतात, निम्मी न फोडलेली. ती फोडायची, कुणाचं किती देणं ते लिहायचं, मागच्या साठ दिवसांच्या पगाराच्या पावत्या आणि कर विवरणपत्र शोधायचं. अर्जात प्रत्येक देणेकऱ्याचं, म्हणजे ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याचं, नाव-पत्ता लागतो. एखादा सुटला तर पुढे त्रास होऊ शकतो.

बायका रडत नाहीत हो तिथे, बहुतेक जणी गप्प बसतात. कोर्टाचं पत्र आलेलं असतं, तारखेला गेलेलं नसतं, कारण गेलं तर अटक होईल असं कुणीतरी सांगितलेलं. मग एकतर्फी निकाल लागतो आणि थेट पगारातून पैसे जायला लागतात. केंद्राच्या कायद्याने हातात येणाऱ्या पगाराच्या पाव हिश्शापर्यंत कापता येतात, काही राज्यांत मर्यादा त्याहून कमी आहे. भाडं भरणाऱ्या घरात पाव पगार म्हणजे काय, ते तुम्हीच विचार करा.

एडिसनकर, देणगी कशाला द्यायची ते मी सांगते. फुकट काम करायला तयार वकील मिळतात, दिवाळखोरीच्या वकिलांच्या अमेरिकन कॉलेज ऑफ बँकरप्सीचं फाउंडेशनही अशा केंद्रांना अनुदान देतं. अडतं कुठे? आलेल्या माणसाला या अर्जाची गरज आहे की नुसत्या एका पत्राने भागेल, हे बघणारा, कागद पुरे करून वकिलाच्या हातात देणारा पगारी माणूस लागतो. ज्याचं उत्पन्न फक्त सोशल सिक्युरिटीचं आहे त्याच्यापासून साधा देणेकरी तसंही काही काढू शकत नाही. अशाला पुष्कळदा अर्जाची गरजच नसते. हे ओळखणाऱ्या माणसाच्या पगाराला कुणी देणगी देत नाही. सगळ्यांना ‘थेट गरजूला’ द्यायचं असतं. तुम्ही पगाराला द्या.

पाटलाची_सून
माई, हे सगळं बैठकीत वाचून दाखवायला हवं.

बे_एरियावासी
शिवाय अपसॉल्व्ह आहे. २०१६ साली रोहन पवुलुरी हा भारतीय वंशाचा हार्वर्डचा विद्यार्थी आणि त्याचे सहकारी यांनी सुरू केलेली ना-नफा संस्था. साधं प्रकरण असेल तर प्रश्नांची उत्तरं देत गेलं की अर्जाचे कागद तयार होतात, पैसे लागत नाहीत. घर असेल, व्यवसाय असेल, गुंतागुंत असेल तर ते स्वतःच वकिलाकडे जा म्हणतात.

शिकागोची_माई
हो, इंग्रजी वाचता येणाऱ्या, फोन नीट वापरणाऱ्यांना त्याने खरंच सोय झाली. त्याच्याबरोबर एक सावधगिरीही सांगा. पैसे घेऊन ‘फॉर्म भरून देतो’ म्हणणारे गल्लोगल्ली असतात. त्यांना टंकण्यापलीकडे कायद्याचा सल्ला देण्याची परवानगी नाही, तरी देतात, आणि चुकीचा देतात.

नवीन_सदस्य_४
थोडं बाजूचं विचारते. कामाच्या व्हिसावर असणाऱ्यांना हा अर्ज करता येतो का? नवऱ्याची नोकरी गेली होती, त्या काळात बाळंतपणात गुंतागुंत झाली. आता नोकरी आहे पण बिलं आटोक्याबाहेर गेलीत. पुण्यात सासऱ्यांनी आमच्या नावावर एक फ्लॅट केलाय. तो यात मोजतात का? मैत्रीण म्हणाली, आधी तो दिराच्या नावावर करून टाक.

बे_एरियावासी
ते अजिबात करू नका. थांबा, सविस्तर लिहितो, कारण आपल्या लोकांत हे फार होतं.

नागरिकत्वाची अट नाही. इथे राहात असाल किंवा इथे मालमत्ता असेल तर अर्ज करता येतो. पण अर्जात जगभरातली मालमत्ता लिहावी लागते. पुण्याचा फ्लॅट, आईबरोबरचं जोडखातं, पीपीएफ, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा, लॉकरमधलं सोनं, सगळं. शपथेवर. लपवणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि व्हिसावर असताना बिलांपेक्षा तो कितीतरी महाग पडेल. अर्जाआधी दिराच्या नावावर केलेलं हस्तांतर ट्रस्टी, म्हणजे अर्जदाराची मालमत्ता तपासायला नेमलेला माणूस, उलटवू शकतो आणि त्यावरून माफीच नाकारली जाऊ शकते.

आणखी एक. भावाकडून, मावशीकडून उसने घेतलेले पैसे आधी फेडावेत असं आपल्याला साहजिक वाटतं. पण अर्जाआधीच्या एका वर्षात नातेवाइकाचं जुनं देणं फेडलं असेल तर ट्रस्टी ते पैसे त्या नातेवाइकाकडून परत मागू शकतो. तुमच्या बाबतीत फ्लॅटमुळे चॅप्टर सेव्हन कदाचित गैरसोयीचाही ठरेल. आधी इस्पितळाच्या आर्थिक मदत विभागाला लिहा. ना-नफा इस्पितळांना असं मदतीचं धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि बिल गेल्यानंतरही काही महिने अर्ज चालतो. मग वकिलाला भेटा.

नवीन_सदस्य_४
मनापासून आभार. फ्लॅटला हात लावत नाही. इस्पितळाला आजच पत्र लिहिते.

सदाशिवपेठी
ताई, काही लागलं तर इथे जरूर लिहा. बाकी, अशा प्रकरणाला मदत करू नये असं माझंही म्हणणं नाही, हे नोंदवून ठेवतो.

कोल्हापुरी_ठसका
आता भारताचंही कुणी सांगा. आमच्याकडे बचत गटाच्या नावाखाली तीन-तीन मायक्रोफायनान्सचे हप्ते भरणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यासाठी असं काही आहे का?

ॲड_सांगलीकर
कागदावर आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या तिसऱ्या भागात ‘फ्रेश स्टार्ट’ नावाचं प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, पात्र कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नसेल तर कर्जमाफीचा अर्ज करता येईल अशी तरतूद. पण वैयक्तिक दिवाळखोरीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. सामान्य माणसासाठी तो सुरूच झालेला नाही. मुंबईत अजून १९०९ चा आणि बाकी महाराष्ट्रात १९२० चा इंग्रजी अमदानीतला कायदा चालतो. त्या १९२० च्या कायद्यात स्वतः अर्ज करायला किमान ५०० रुपयांचं कर्ज लागतं, यावरून त्याचं वय कळावं.

म्हणून भारतात देणगी द्यायची तर दिवाळखोरीच्या अर्जाला देऊन उपयोग नाही. वसुलीविरुद्धच्या मदतीला द्या. ठसकाजी, त्या बायकांना हे सांगा: विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मिळतो, इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांच्या आत. फोन १५१००. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्याने सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. मायक्रोफायनान्सच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आणि प्रामाणिक पण खरोखर कफल्लक माणसाला नुसत्या दिवाणी कर्जासाठी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलंय. सही केलेले कोरे चेक मात्र देऊ नयेत. चेक वटला नाही की प्रकरण फौजदारी होतं, तिथे हे संरक्षण तोकडं पडतं.

जुनाट
सांगलीकरांनी इंग्रजी अमदानी काढलीच. १२ मे १८७५, सुप्याचा बाजार. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडून गहाणखतं जाळली. मग चौकशी आयोग, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. त्यात कोर्टाला कर्जाचा इतिहास उकरून हिशेब नव्याने मांडण्याचा अधिकार मिळाला, शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक बंद झाली. त्याच दशकात सार्वजनिक सभेच्या गणेश वासुदेव जोशींनी लवाद कोर्टांचा पुरस्कार केला, म्हणजे गरिबाला कोर्टाचा खर्च न करता न्याय मिळावा. तेव्हा सदाशिवपेठी, हे काम तुमच्या पेठेच्या आसपासच आधी होऊन गेलंय.

सदाशिवपेठी
सार्वजनिक काकांचं नाव घेतलंत म्हणजे आमची बाजू संपली. तरी एक अट ठरावात घाला: मंडळाने संस्थेकडून दरवर्षी अहवाल मागवावा. किती जण आले, किती जणांना अर्जाविनाच मार्ग काढून दिला, किती अर्ज मंजूर झाले.

कोल्हापुरी_ठसका
आणि वसतिगृहाची रक्कम कमी करू नका. नवीन पैसे उभे करा.

एडिसनकर
दोन्ही मान्य. ठराव नव्याने लिहितोय. वसतिगृहाचा निधी जसाच्या तसा. त्याशिवाय संक्रांतीच्या कार्यक्रमाचं तिकीट पाच डॉलरने वाढवून तो वेगळा निधी, तीन वर्षं सलग, माईंनी सांगितलं तसा कागद बघणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारासाठी, आणि सदाशिवपेठींचा अहवाल. संस्था कुठली ते दोन-तीन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन ठरवू.

हिशेबनीस
एक व्यवहाराची गोष्ट. मंडळाच्या चेकवर कुणाच्या कंपनीची जोडदेणगी मिळत नाही. ज्यांची कंपनी कर्मचाऱ्याइतकेच पैसे घालते त्यांनी संस्थेला स्वतःच्या नावाने थेट द्यावं, रक्कम दुप्पट होते. बऱ्याच कंपन्यांची मुदत ३१ डिसेंबरला संपते, म्हणून संस्था नोव्हेंबरातच ठरवा.

शिकागोची_माई
भेटायला जाल तेव्हा त्यांना विचारा की फोन केल्यापासून पहिली भेट मिळायला किती आठवडे लागतात. जिथे थांबावं लागतं पण फोन उचलणारं माणूस आहे, तिथे द्या. बैठक झूमवर घेणार असाल तर वेळ कळवा, मी येते.